मार्कर गायब होतो तेव्हा: स्नायूतून मूलपेशी वेगळ्या करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. उंदराच्या मागच्या पायांचे स्नायू काढले, कात्रीने बारीक केले, एन्झाइममध्ये पचवले, गाळले, अँटीबॉडीने रंगवले आणि सॉर्टरवर, म्हणजे रंगावरून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, लावले. मागच्या महिन्यात याच रीतीने व्हीकॅम-१ हा मार्कर, म्हणजे स्नायूच्या मूलपेशींची ओळख पटवणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, असलेल्या (पॉझिटिव्ह) पेशींचा ढग प्लॉटवर वेगळा उठून दिसत होता. आज तो खाली सरकून निगेटिव्ह ढगाला चिकटला आहे आणि गेट, म्हणजे हव्या पेशींभोवतीची सीमा, कुठे टाकायचा तेच कळत नाही. अंदाजाने टाकला, थोड्या पेशी हाती लागल्या, त्या प्लेटमध्ये सोडल्या. चौथ्या दिवशी बघावं तर गोल, चमकदार मायोब्लास्टऐवजी (स्नायू घडवणाऱ्या पेशींऐवजी) सपाट पसरलेल्या पेशींनी प्लेट भरली आहे.

पहिला संशय अँटीबॉडीवर जातो. नवी मागवली जाते. ती आली तरी ढग खालीच, म्हणून मग मशीनवर संशय: लेझरची जुळणी, कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात सांडणारा प्रकाश वजा करणं), नोझल. या दोन्हींत आठवडे जातात आणि दर आठवड्याला प्राणी जातात. माझं ठाम म्हणणं असं की या दोघांना हात लावण्याआधी पचनाच्या पायरीकडे बघा. मी पाहिलेल्या अशा अडचणींत दोष बहुतेक वेळा सॉर्टरच्या खोलीत नव्हता, वॉटर बाथमध्ये होता.

पण आधी लवकर उरकणाऱ्या गोष्टी

पचनात खोल जाण्याआधी चार साध्या चुका तपासून घ्या, कारण लक्षण तेच दिसतं.

व्हीकॅम-१ची अँटीबॉडी बायोटिन लावलेली असेल आणि दुसऱ्या पायरीत ते घट्ट धरणारं, रंग लावलेलं स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन असेल, तर ती दुसरी पायरी कोणत्या द्रवात करता ते बघा. आरपीएमआय १६४० या पेशी वाढवण्याच्या माध्यमात मोकळं बायोटिन असतं. ते स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनला आधीच धरून बसतं आणि पेशीवरच्या अँटीबॉडीच्या वाट्याला काही उरत नाही. ही पायरी पीबीएस या साध्या बफरमध्ये, थोडं बीएसए (एक प्रथिन) घालून करा.

पीई-साय७ सारखा जोडरंग उजेडात राहिला तर जोड तुटतो आणि साय७च्या जागी पीईच्या चॅनेलमध्ये सिग्नल दिसू लागतो. पॉझिटिव्ह ढग फिका आणि पीईच्या चॅनेलमध्ये नको तिथे उजेड, असं जोडीने दिसलं तर कुपी बदला.

मेलेल्या पेशी ओळखायला प्रोपिडियम आयोडाइड आणि त्याच पॅनेलमध्ये पीई, अशी जोडी ठेवू नका. दोघांचा प्रकाश एकमेकांत सांडतो. डॅपी घ्या, मात्र त्यासाठी यंत्रात योग्य लेझर हवा.

चौथी चूक जरा वेगळी. उंदराचं पॅनेल जसंच्या तसं माणसाच्या ऊतीवर लावलं जातं. स्का-१ हा उंदराचा मार्कर माणसासाठी वापरता येत नाही. सीडी३४ उंदराच्या सॅटेलाइट पेशींवर, म्हणजे स्नायूच्या मूलपेशींवर, सापडतो, माणसाच्या सॅटेलाइट पेशी मात्र सीडी५६ वरून ओळखतात. उंदराच्या जातीनेही फरक पडतो: सी५७ब्लॅक६ उंदराच्या अस्थिमज्जेत स्का-१ चांगला उठून दिसतो, बाल्ब-सीमध्ये तो खूपच कमी. जात बदलली असेल तर इथेच थांबा, उत्तर मिळालं.

यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

ओळख नेमकी कशावर उभी आहे

१९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या पेशी दाखवल्या. त्यांची ओळख तेव्हा निव्वळ जागेवरून होती. स्नायुतंतूचं पटल आणि त्यावरचं बेसल लॅमिनाचं आवरण, या दोहोंच्या मधल्या फटीत दडून बसलेली पेशी ती सॅटेलाइट पेशी. आजही कापलेल्या पातळ छेदात लॅमिनिनची (त्या आवरणातल्या प्रथिनाची) कड, तिच्या आतल्या बाजूला पॅक्स७ (या पेशींचं ओळखीचं प्रथिन) असलेलं केंद्रक, असं दिसलं की कुणी शंका घेत नाही.

कात्री लागली की ही जागेवरची ओळख संपते. पॅक्स७ केंद्रकात असल्यामुळे जिवंत पेशीला बाहेरून अँटीबॉडी लावून तो दिसत नाही. पॅक्स७चा चमकणारा रिपोर्टर असलेला उंदीर तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर हातात उरतात ती पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं: सीडी३१ (रक्तवाहिनीच्या पेशींचा) नको, सीडी४५ (रक्तपेशींचा) नको, स्का-१ नको, व्हीकॅम-१ हवा. काही जण व्हीकॅम-१ ऐवजी अल्फा-७ इंटेग्रिन आणि सीडी३४ घेतात. आणि पेशी तंतूवरून सोडवायला आपण जे वापरतो ते एन्झाइम मुळात प्रथिनं कापणारं. प्रौढ उंदराच्या स्नायूतल्या केंद्रकांपैकी साधारण २ ते ७ टक्केच या पेशींची असतात, म्हणून पचन जोरकस करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तोच मोह महागात पडतो.

कापलं जाण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यातला एकच डोळ्यांना दिसतो. व्हीकॅम-१ कापला गेला की पॉझिटिव्ह ढग खाली येतो आणि तुम्ही अडचण शोधायला लागता. नको असलेला मार्कर कापला गेला तर प्लॉट आधीपेक्षा छान दिसतो. समजा स्का-१ अर्धवट कापला गेला. स्नायूतल्या फायब्रो-अ‍ॅडिपोजेनिक पूर्वपेशी, ज्यांना सगळे फॅप म्हणतात, त्यांच्यावर स्का-१ असतो आणि त्यावरूनच आपण त्यांना बाहेर काढतो. स्का-१ गेला की त्या 'निगेटिव्ह'च्या चौकटीत येऊन बसतात. त्याच वेळी व्हीकॅम-१चा ढग खाली आल्यामुळे तुम्ही गेटची सीमा खाली ओढलेली असते. दोन्ही मिळून फॅपना सरळ रस्ता मोकळा होतो. प्लेटमधल्या त्या सपाट, पसरट पेशी बहुधा याच. निगेटिव्ह मार्करचं नुकसान मला पॉझिटिव्हपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण तिथे कुणी बघतच नाही.

वाटणी चाचणी

यासाठी नवा प्राणी लागत नाही, म्हणून ही चाचणी मला सगळ्यात प्रिय आहे. युक्ती एवढीच: ज्या पेशी आधीच सुट्या आहेत आणि ज्यांवर मार्कर आहे हे माहीत आहे, त्यांना तुमच्या पचनाच्या मिश्रणात ठेवायचं आणि मार्कर किती उरतो ते मोजायचं.

व्हीकॅम-१ आणि अल्फा-७ इंटेग्रिनसाठी प्लेटमध्ये वाढवलेले मायोब्लास्ट घ्या. ते ट्रिप्सिनने उचलू नका, नाहीतर चाचणी सुरू होण्याआधीच बिघडेल. पीबीएसमध्ये ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) घालून, थोडं थांबून, हलक्या हाताने पिपेटने सोडवा. मग ते ईडीटीए नीट धुऊन टाका, कारण पुढच्या एन्झाइमला ते चालत नाही. सीडी४५ आणि स्का-१ साठी प्लीहेच्या पेशी घ्या. दुसऱ्या कुणाच्या प्रयोगातून उरलेली प्लीहा चालते, आणि ती जाळीवर घासली की एन्झाइमशिवाय सुटी होते.

आता त्याच पेशी पाच नळ्यांत सारख्या वाटा. पहिली नळी बर्फावर, एन्झाइम नाही. दुसरी ३७ अंश सेल्सिअसला, एन्झाइम नाही. तिसरीत फक्त कोलॅजिनेज, चौथीत फक्त डिस्पेज (पचनातलं दुसरं एन्झाइम), पाचवीत दोन्ही. प्रमाण, वेळ, सीरम सगळं रोजच्या पचनासारखंच ठेवा. वेळ झाली की सगळ्या बर्फावर, सगळ्या सारख्याच धुवायच्या आणि अँटीबॉडीचं एकच मिश्रण करून सगळ्यांत वाटायचं. प्रत्येक नळीत वेगळी अँटीबॉडी पिपेट करत बसलात तर पिपेटिंगचा फरकच मोजत बसाल. जिवंत, सुट्या पेशींवर गेट टाकून प्रत्येक मार्करच्या उजेडाचा मध्यक बघा.

दुसरी नळी लोक गाळतात. ती गाळू नका. ३७ अंशांना नुसतं बसूनही पेशी काही प्रथिनं आत ओढून घेतात किंवा सोडून देतात. पहिली आणि दुसरी यांत फरक पडला तर तो एन्झाइमचा दोष नाही, वेळेचा आणि तापमानाचा आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा. दुसरी ठीक आणि चौथी पडली तर डिस्पेज. दुसरी ठीक आणि तिसरी पडली तर कोलॅजिनेजची कुपी. शुद्ध कोलॅजिनेज पृष्ठभागावरच्या बहुतेक मार्करना फारसं त्रास देत नाही, पण आपण वापरतो ते सहसा क्लॉस्ट्रिडियम जिवाणूपासून मिळवलेलं कच्चं मिश्रण असतं. त्यात क्लॉस्ट्रिपेन असतं, ट्रिप्सिनसारखी क्रिया असते, न्यूट्रल प्रोटिएज असतं. ऊती फोडायला ही भेसळ मदतच करते, म्हणून कच्चं कोलॅजिनेज लोकप्रिय आहे. पण तिचं प्रमाण प्रत्येक लॉटमध्ये बदलतं.

आमच्याकडे काय झालं होतं

आमचा ढग खाली आला तेव्हा आम्हीही आधी अँटीबॉडी बदलली. मग सॉर्टर चालवणाऱ्यांना त्रास दिला. शेवटी एका सहकारीने वहीची मागची पानं उलटत विचारलं, कोलॅजिनेजची बाटली कधी बदलली? तारीख जुळली. आमच्या कृतीत कोलॅजिनेज मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. नव्या लॉटमध्ये एका मिलिग्रॅममागे युनिट बरेच जास्त होते आणि आम्ही तराजूवर जुनाच आकडा बघून तोलत होतो. म्हणजे कित्येक आठवडे आम्ही जास्त एन्झाइम घालत होतो आणि वहीत 'नेहमीप्रमाणे' असं लिहीत होतो. त्या काळात गेलेल्या प्राण्यांचा विचार मला अजून टोचतो.

तेव्हापासून आमच्या कृतीत मिलिग्रॅम नाहीत. दर मिलिलिटरला किती युनिट, एवढंच असतं, आणि प्रत्येक नव्या बाटलीच्या लेबलवरून वजन नव्याने काढायचं. इथे आणखी एक खाच आहे. युनिट मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. वुन्श युनिट आणि कोलॅजन पचवून मोजलेले युनिट यांचा आकडा एकमेकांच्या जागी ठेवता येत नाही. पुरवठादार बदलला की लेबलवर कोणतं युनिट आहे ते वाचा. नवा लॉट घेण्याआधी नमुना मागवा, वाटणी चाचणी करा, पसंत पडला तर त्याच लॉटच्या वर्षभर पुरतील एवढ्या बाटल्या एकदम घ्या. विरघळवलेलं एन्झाइम छोट्या भागांत गोठवा, एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

उलट बाजू: कमी पचन

पचन कमी झालं तरी पॉझिटिव्ह पेशींची संख्या घटते, म्हणून गल्लत होते. सॅटेलाइट पेशीला रक्तवाहिनीची पेशी चिकटून राहिली तर सॉर्टरला ती जोडी सीडी३१ पॉझिटिव्ह एकच कण वाटते आणि तो ती टाकून देतो. पण यात ढग खाली सरकत नाही. जागेवरच राहतो, फक्त विरळ होतो. ही खूण लक्षात ठेवा: ढग सरकला तर मार्कर कापला जातोय, ढग जागेवर राहून विरळ झाला तर पेशी सुटत नाहीत किंवा मरताहेत.

खात्रीसाठी प्लॉटपेक्षा मायक्रोस्कोप बरा. पचन चालू असताना दर १५ मिनिटांनी एक थेंब काचपट्टीवर घ्या. सुरुवातीला लांब तंतू दिसतात, त्यांच्या कडा स्वच्छ, अंगावर आडव्या रेषा. नंतर ते आखडून जाड, चुरगळलेल्या काड्यांसारखे होतात आणि आजूबाजूला बारीक, गोल, चकाकणारे ठिपके वाढायला लागतात. ते ठिपके वाढायचे थांबले आणि द्रवात धूसर चुरा वाढू लागला की वेळ झाली. घड्याळ काहीही सांगो. तरुण उंदराचा स्नायू आणि म्हाताऱ्या उंदराचा तंतुमय स्नायू एकाच वेळेत पचत नाहीत, आणि दुखापतीनंतर सुजलेला स्नायू तर अजिबातच नाही. एकच कृती सगळ्यांना लावून मग त्यांच्या मूलपेशींची संख्या ताडून पाहणं हे मला पटत नाही. आधी प्रत्येकाची वेळमालिका करायला हवी: एकाच बारीक केलेल्या स्नायूचे चार वाटे, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटं, आणि प्रत्येक वाट्यात जिवंत सुट्या पेशी आणि मार्करचा उजेड दोन्ही मोजायचे. दोन्ही आकडे एकदम चांगले असतील अशी वेळ निवडायची. बहुतेकदा ती सगळ्यात जास्त पेशी देणाऱ्या वेळेच्या थोडी आधी असते.

पिपेट वर उचलल्यावर द्रवाला शेंबडासारखी तार सुटते का बघा. मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए तो. त्यात चांगल्या पेशीही गुरफटतात आणि गाळणीवरच राहतात. डीएनेज घाला, पण त्याला मॅग्नेशियम लागतं. त्या पायरीला बफरमध्ये ईडीटीए असेल तर डीएनेज घालून न घातल्यासारखंच. कोलॅजिनेजलाही कॅल्शियम लागतं, म्हणून पचनाच्या आधी स्नायू ईडीटीए असलेल्या बफरमध्ये धुणं ही अगदी गुपचूप होणारी चूक आहे. एन्झाइम उत्तम, वेळ योग्य, तरी स्नायू पचत नाही, असं झालं की आधी धुण्याचा बफर कोणता होता ते विचारा.

थांबवणं

सीरम घातलं की पचन थांबतं, हा समज मी जवळपास प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून ऐकते. ट्रिप्सिनसाठी तो खरा आहे. डिस्पेज सीरमने थांबत नाही. तुम्ही सीरम घालून, निर्धास्त होऊन, नळी टेबलावर ठेवून गाळण्या जुळवायला जाता, आणि तेवढा वेळ डिस्पेज मार्कर कापत राहतं. थांबवायचं तर तीन गोष्टी लागोपाठ करा: बर्फासारख्या थंड बफरने भरपूर पातळ करा, लगेच सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव काढा, आणि मग ईडीटीए असलेल्या थंड बफरमध्ये पेशी घ्या. डिस्पेज आणि कोलॅजिनेज दोन्हींना धातूचे आयन लागतात, ईडीटीए ते काढून घेतं. डीएनेजची पायरी असेल तर ती याच्या आधी उरका. इंटेग्रिनवरच्या काही अँटीबॉडींना कॅल्शियम-मॅग्नेशियमची गरज असते, म्हणून अल्फा-७ वापरणाऱ्यांनी रंगवण्याच्या बफरमध्ये ईडीटीए ठेवून आणि न ठेवून एकदा पडताळून घ्यावं.

डिस्पेज पूर्ण सोडता येतं का? वाटणी चाचणीत तोच दोषी निघाला तर आधी त्याची वेळ अर्ध्यावर आणा आणि ती कसर यांत्रिक रीतीने भरून काढा: सिरिंजला २० गेजची सुई लावून मिश्रण हळूहळू आतबाहेर करा, फेस येऊ न देता. फेस आला तर पेशी फुटतात.

कापलेला मार्कर परत उगवावा म्हणून पेशी तासन्‌तास ३७ अंशांना माध्यमात ठेवा, असा सल्लाही मिळेल. फक्त वाढवायच्या असतील तर एकवेळ चालेल. जनुकांचं वाचन करायचं असेल तर मुळीच नको. शांत पडून असलेली सॅटेलाइट पेशी तंतूवरून सुटताक्षणी जागी व्हायला लागते. २०१७ साली दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं की पचनाच्या त्या तास-दोन तासांतच फॉस, जून यांसारखी ताणाची जनुकं उसळतात. म्हणजे सॉर्टरवर पोचते ती पेशी स्नायूत होती तशी राहिलेलीच नसते. तिला आणखी तासभर उबेत ठेवणं म्हणजे जे मोजायचं तेच बदलणं.

सॉर्टरवर

इथे मी थोडक्यात सांगते, कारण पचन सुधारलं की इथलं बरंचसं आपोआप सुधारतं. आधी मेलेल्या पेशी वगळा, मग क्षेत्रफळ विरुद्ध उंची या प्लॉटवर जोड्या वगळा, मगच मार्करकडे वळा. मेलेल्या पेशी कोणतीही अँटीबॉडी धरतात. व्हीकॅम-१ची सीमा ठरवायला आयसोटाइप कंट्रोल (मार्करला न धरणारी, बाकी तशीच अँटीबॉडी) पुरेसा नाही. व्हीकॅम-१ सोडून बाकी सगळे रंग असलेली एफएमओ नळी लावा, आणि ती त्याच दिवशी पचवलेल्या स्नायूची असू द्या. म्हाताऱ्या स्नायूच्या पेशी स्वतःहूनच चमकतात, तरुण उंदराच्या एफएमओवरून काढलेली रेषा तिथे खोटी पडते. प्लीहेच्या पेशींवर कॉम्पेन्सेशन करून स्नायूवर लावणंही टाळा. १०० मायक्रॉनचं नोझल आणि कमी दाब घ्या, वेळ जास्त लागला तरी.

सुधारलं का, ते कसं कळेल

पॉझिटिव्ह ढग वर आला म्हणून काम झालं असं धरू नका. सॉर्ट केलेल्या पेशींतल्या थोड्या परत मशीनवर चालवा, त्यातल्या थोड्या लगेच काचपट्टीवर बसवून स्थिर करा आणि पॅक्स७साठी रंगवा. वाढवून मग रंगवलेल्या पेशींवरून शुद्धता ठरवू नका. तोवर सॅटेलाइट पेशी मायोडी (जागं झाल्याची खूण असलेलं प्रथिन) दाखवायला लागलेल्या असतात, आणि मागे शिरलेल्या फॅपही भरभर वाढलेल्या असतात.

त्या काचपट्टीवर पॅक्स७ नसलेली केंद्रकं दिसली तर त्याच पट्टीवर पीडीजीएफआर-अल्फा (फॅपचा मार्कर) रंगवून बघा. ती पॉझिटिव्ह निघाली तर फॅप आत शिरल्या आहेत, म्हणजे स्का-१ कापला जातोय. वाटणी चाचणीची पाचवी नळी परत लावा, या वेळी फक्त स्का-१ साठी. पॉझिटिव्ह नसतील तर सीडी३१ आणि सीडी४५ बघा. आणि वहीत त्या दिवसाच्या पानावर कोलॅजिनेजचा लॉट, दर मिलिलिटरचे युनिट, पचनाची मिनिटं आणि तापमान लिहा. तापमान वॉटर बाथच्या पडद्यावरचं नको. थर्मामीटर नळीतल्या द्रवात बुडवून बघितलेलं लिहा. मोठ्या नळीतला थंड द्रव ३७ अंशांना पोचायला बराच वेळ घेतो, आणि तुमची ६० मिनिटं नेमकी कुठून मोजली ते तिथेच ठरतं.